गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं कशी शोधायची : सातारा-सांगलीच्या गावांसाठी

आपल्याकडच्या काही गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची एक जुनी पाटी असते. तिच्यावर इंग्रजीत मजकूर असतो : या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले, सरकारनं तिथं स्मारक उभारलं आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. अपशिंग्यानं आपली आठवण जपली. पण माणसं खटाव, माण, कोरेगाव, पाटणहूनही गेली. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूरहूनही गेली. त्यांतल्या बहुतेक गावांत आज आजोबा-पणजोबा 'पलटणीत होते' एवढंच सांगता येतं. कुठली पलटण, कुठली लढाई, परत आले की नाही, याचा पत्ता नसतो.

आम्ही काही जणांनी आमच्या गावाची अशी नोंद करायला घेतली. काम अजून चालू आहे. या कामात ज्या वाटेनं हाताला काही लागलं ती वाट इथं सांगतो. जिथं चुकलो तेही सांगतो, म्हणजे तुमचे ते महिने वाचतील.

यादीत कोण घ्यायचं, ते आधी ठरवा

पहिल्याच बैठकीत हे ठरवलं नाही तर पुढे भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे : युद्धाच्या काळात सैन्यात होता तो प्रत्येक जण यादीत हवा. पडलेला, जखमी झालेला, कैदेत गेलेला आणि धडधाकट परत आलेला. त्याचबरोबर खेचरं हाकणारे, स्ट्रेचर उचलणारे, लंगरात भाकऱ्या भाजणारे, लेबर कोअरमध्ये रस्ते बांधणारेही हवेत. सरकारी कागदात त्यांना 'फॉलोअर' म्हणत. गावातही त्यांना कोणी फौजी म्हटलं नाही, म्हणून त्यांची नावं सगळ्यात आधी विसरली गेली. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) उन्हात ते शिपायाइतकेच मेले.

आणखी एक. गावाची यादी म्हणजे भावकीची यादी नव्हे. गावठाण, वाड्या, वस्त्या, महारवाडा, मांगवाडा, धनगरवस्ती, मुस्लिम मोहल्ला अशी सगळी घरं फिरायची. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट नव्यानं उभी राहिली. या दोन्हींतल्या माणसांची आठवण त्यांच्या वस्तीबाहेर क्वचितच टिकली आहे. ती शोधायला मुद्दाम जावं लागतं.

वही

संगणकावर नंतर चढवा. सुरुवातीला जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि प्रत्येक माणसाला एक पूर्ण पान द्या. पानावर असं आखा : पूर्ण नाव आणि घरातलं नाव, वडिलांचं नाव, वस्ती, सैन्यातला नंबर, हुद्दा, पलटण, भरतीचं साल, कुठं लढले, काय झालं. सगळ्यात खाली 'हे कोणी सांगितलं' असा रकाना ठेवा आणि तो रिकामा सोडायचाच नाही. सांगणाऱ्याचं नाव, नातं आणि तारीख लिहा. कागदावरून घेतलं असेल तर कोणता कागद ते लिहा. दोन वर्षांनी दोन माहित्या एकमेकींशी भांडायला लागतात तेव्हा हाच रकाना निवाडा करतो.

नंबरच्या रकान्याभोवती मी लाल चौकट आखतो. गावात एका नावाची चार माणसं असतात, पण नंबर एकाच माणसाचा असतो. पुढचं सगळं शोधकाम त्या नंबरला धरून चालतं.

घरातली पेटी

बहुतेक घरांत पत्र्याची एक काळी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ट्रंक माळ्यावर असते, आत गोधड्या असतात. आधी ट्रंकेच्या झाकणाचा फोटो काढा, मगच उघडा.

आत शोधायचं ते असं. डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट मिळालं तर निम्मं काम झालं : नंबर, पलटण, भरतीची आणि नाव कापल्याची तारीख, अंगावरच्या खुणा, मिळालेली पदकं, सगळं त्यात असतं. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मिळाला तर तोही चालतो. हे काही नसेल तर जुनी पत्रं बघा. आंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो : नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी 'केअर ऑफ ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस). मजकुरात 'इकडे सर्व क्षेम' याखेरीज काही नसलं तरी पत्त्याची ती ओळ सोन्यासारखी आहे. मनिऑर्डरच्या पावत्याही टाकू नका.

पदकं. इथं जरा थांबतो, कारण बरेच जण पदकाचा समोरून फोटो काढतात आणि पेटी बंद करतात. पदक उभं धरा आणि कडेला बघा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर, ती पाठीमागे असते. अक्षरं झिजली असतील तर अंधारात टॉर्च आडवी धरून फोटो घ्या, सावलीनं अक्षरं उठून दिसतात. घासू नका. चिंच, राख, पॉलिश काही नको. चकाकी आणायच्या नादात कडेचा नंबर जातो आणि तो परत मिळत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या माणसाला बहुधा दोन पदकं मिळत. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आणि व्हिक्टरी मेडल काशाचं. पुष्कळ घरांत काशाचंच उरलेलं दिसेल. चांदीचं दुष्काळात सराफाकडे गेलं, नाहीतर पोरीच्या लग्नात त्याचे जोडवे झाले. घरच्यांना याचा संकोच वाटतो. त्यांना तो वाटू देऊ नका. पडलेल्या जवानाच्या घरी कधी कधी बशीएवढी काशाची जाड तबकडी सापडते. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दाही नाही आणि नंबरही नाही. ती मृताच्या वारसांना दिली जायची. म्हणजे तो माणूस त्या महायुद्धापायी गेला, एवढं तिच्यावरून नक्की होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे स्टार मुलूख सांगतात : आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. स्वातंत्र्यानंतरची पदकं अशी ओळखा : १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. कारगिलसाठी ऑप विजय स्टार. पूर्वी स्टार असेल तर तो जवान बांगलादेशच्या बाजूला होता, पश्चिमी असेल तर पाकिस्तानच्या बाजूला. 'ढाक्याला होते' असं घरचे म्हणतात आणि पेटीत पश्चिमी स्टार निघतो, असंही होतं. तेव्हा पदकावर विश्वास ठेवा.

बोलतं करणं

१९७१ ला विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. म्हणून कागदाआधी माणसं. दप्तर पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

'तुम्ही कोणत्या युद्धात होता?' असं विचारलं की दोन वाक्यांत उत्तर संपतं. त्याऐवजी भरतीपासून सुरू करा. भरती कुठं झाली? कोणासोबत गेलात, घरी सांगून की पळून? गाडी कुठल्या ठेसनावर धरली? पहिल्या सुट्टीत आलात तेव्हा कोण न्यायला आलं होतं? थंडी होती का, पाणी कसलं मिळायचं, शेजारच्या बॅरेकीत कुठल्या गावचा होता? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. त्यातून शेजारच्या गावातलं आणखी एक नाव मिळतं.

साल आठवत नसतं. त्यासाठी आपल्या भागाच्या खुणा वापरा. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ म्हणजे १९१८. मुंबईच्या गोदीतला स्फोट म्हणजे एप्रिल १९४४. गांधीवधानंतरची जाळपोळ म्हणजे १९४८ ची सुरुवात. कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७. आणि बहात्तरचा दुष्काळ. 'भूकंपाच्या आधी सुट्टीवर आले होते, हाताला पट्टी होती' असं आजी म्हणाली, की १९६५ ची शक्यता घट्ट होते. 'दुष्काळात पेन्शनीत आले' म्हटलं, की १९७१ ला ते सेवेत होते.

बायकांशी वेगळं बसा. पुरुषमंडळी समोर असली की त्या 'यांनाच विचारा' म्हणतात. तार कोणी आणली, कोणी वाचली, त्या दिवशी शेतात काय चाललं होतं, किती दिवसांनी सामानाची पेटी आली, हे सगळं त्यांना अजून लख्ख आठवतं. आमच्या गावात एका घरी पणजीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नव्हतं. नवरा बसऱ्याला गेला होता आणि तार कधी आलीच नाही. घरच्यांना वाटायचं, तो तिकडेच राहिला असेल. तिच्या सुनेनं सांगितलेल्या दोन शब्दांवरून, 'एकशेसतरा' आणि 'बसरा', पुढचा शोध लागला. जात्यावरच्या ओव्यांमध्येही पलटणीत गेलेल्या भावाचं नाव येतं. कोणी म्हणत असेल तर आधी नुसतं ऐका, मग परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा.

घरांची आणि शेतांची नावंही विचारा. सुभेदाराचा वाडा, हवालदाराची विहीर, जमादाराचा मळा. 'जमादार' हा हुद्दा १९६५ पर्यंत होता, नंतर त्याचं नायब सुभेदार झालं. तेव्हा जमादाराचा मळा त्याआधीचाच.

कोणी रडलं तर फोन बंद करा, चहा घ्या, आणि त्या दिवशी पुढचं विचारू नका.

गावचं आणि तहसीलचं दप्तर

शाळेचं जनरल रजिस्टर : जन्मतारीख, वडिलांचं नाव, शाळा सोडल्याचं साल. भरतीसाठी वय वाढवून सांगितलेलं असतं, त्यामुळे शाळेतली तारीख आणि पलटणीतली तारीख वेगळी निघाली तर गोंधळू नका, दोन्ही लिहा.

गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. ही जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, अर्ज करून नक्कल घ्यायची. पण परदेशात पडलेल्याची मृत्यूची नोंद गावच्या बुकात असेलच असं नाही. ती फेरफारात शोधा. जमीन त्याच्या नावावर असेल तर कधी ना कधी वारसनोंद करावी लागलीच असेल, आणि तिथं 'लढाईत मयत' किंवा 'पलटणीत असता मयत' असे शब्द सापडू शकतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'माजी सैनिक' किंवा भोगवटादार वर्ग २ दिसलं, तर जमीन सैनिक म्हणून मिळालेली असू शकते. मूळ आदेश मागवा.

जुनं दप्तर मोडीत आहे. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे बरीच मोडी दप्तरं बाहेर आली आणि मोडी वाचणारी तरुण मुलंही तयार झाली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत घ्या. एक इशारा : जुन्या नोंदीत आडनाव नसतं. 'रामा वलद बाळा', म्हणजे बाळाचा मुलगा रामा, एवढंच असतं. म्हणून वडिलांचं नाव पाठ पाहिजे.

तुमचं गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं?

सांगलीकडच्या लोकांनी हा भाग दोनदा वाचावा. आजचा सांगली जिल्हा त्या काळी नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे इस्लामपूरकडचा जवान दोन्ही महायुद्धांच्या कागदांत 'सातारा' म्हणूनच सापडेल. 'सांगली' टाकून शोधलं तर हाती काही लागणार नाही.

सांगली, मिरज, जत ही तेव्हा स्वतंत्र संस्थानं होती. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होतं, फलटणचं वेगळं संस्थान होतं. तिथल्या माणसांच्या पत्त्यात जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव असू शकतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : १९१४ ला गाव कुठं, १९३९ ला कुठं, १९४९ ला कुठं, आज कुठं.

पलटण ओळखणं

गावातले लोक 'मराठा' म्हणतात आणि थांबतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींना मोठे आकडे होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये या सगळ्या एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि तिला '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' नाव मिळालं. १०३ ची झाली पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. हे कोष्टक वहीत चिकटवा. कारण आजोबा १९१५ ला ११० मध्ये भरती झाले आणि १९२५ ला पेन्शनीत आले, तर कागदावर '३/५ मराठा' असेल आणि वाटेल की माणूस दुसरा आहे. कडी आणखी पुढे जाते : तीच तिसरी बटालियन १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पॅरा आहे.

पलटण कळली की लढाई कळते. १०३, ११० किंवा ११७ यांपैकी एखादी असेल आणि साल १९१५-१६ असेल, तर मेसोपोटेमियातलं कुत अल अमारा समोर ठेवा. डिसेंबर १९१५ पासून तिथं वेढा पडला, अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात पुष्कळ जण वाटेतच गेले. आपल्या भागातल्या 'बसऱ्याला गेला आणि परत आलाच नाही' अशा कितीतरी कहाण्यांचं उत्तर इथं असू शकतं. तार न येण्याचं कारणही हेच : कैदेत गेलेल्याची नक्की खबर कोणाकडेच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तिसरी मराठा १९४१ ला एरिट्रियातल्या केरनला होती. पुढे ती इटलीत लढली. तिथंच जुलै १९४४ मध्ये रायगडचे नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये पहिल्या मराठ्याचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यशवंत घाडगे परत आले नाहीत. १९७१ मध्ये पहिली मराठा बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. गावात कोणी 'जमालपूर' म्हटलं तर ते बिहारचं जमालपूर समजून सोडून देऊ नका.

आणि सगळे मराठ्यात नव्हते, हे पक्कं लक्षात ठेवा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (इंजिनिअर दलात), तोफखान्यात, सिग्नलमध्ये, ईएमईत (सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात) आपल्या भागातली ढीगभर माणसं होती. मुरलीकांत पेटकर वाळव्याकडच्या पेठचे. ते ईएमईत होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठ्याच्या यादीत त्यांचं नाव शोधत बसलात तर ते कधीच सापडणार नाही.

पडलेल्यांची नावं : स्मारकांच्या याद्या

दोन्ही महायुद्धांत मृत झालेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. यादीच्या मर्यादा समजून घ्या : ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यूच त्यात आहेत. जिवंत परतलेले तिथं नाहीत.

शोधताना आडनावापासून सुरुवात करू नका. आपली आडनावं इंग्रज कारकुनानं ऐकू आली तशी लिहिली आहेत. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, चव्हाणचं चवान. नुसतं पहिलं नाव आणि पलटण टाका, किंवा नंबर असेल तर नुसता नंबर. 'अधिक माहिती' या रकान्यात 'सातारा' टाकूनही शोधता येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच नोंदींत तिथं आई-वडिलांचं किंवा बायकोचं आणि गावाचं नाव असतं. परक्या देशाच्या यादीत आपल्या आजीचं नाव वाचताना काय वाटतं ते मी सांगू शकणार नाही.

कबर शोधू नका. आपल्या बहुतेक जवानांना अग्नी दिला गेला, म्हणून त्यांची नावं स्मारकांवर आहेत. मेसोपोटेमियातल्यांसाठी बसरा स्मारक, तिथं चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. फ्रान्समधल्यांसाठी न्यव्ह शापेल, इटलीतल्या काहींसाठी सांग्रो नदीचं स्मारक, एरिट्रियासाठी केरन, बर्मासाठी रंगून स्मारक. बसऱ्याच्या दगडावर सगळ्या इंग्रजांची आणि हिंद्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढे नुसती संख्या टाकली, नावं छापील यादीत ठेवली. गावच्या पाटीवरचे दोन आकडे आणि बसऱ्याच्या दगडावरचे आकडे एकाच मनोवृत्तीतून आले आहेत. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच कबूल केलं की असे हजारो जण समान पद्धतीनं स्मरले गेले नाहीत. तुमचा माणूस यादीत नसेल आणि पुरावा असेल, तर कमिशनला लिहा. ते तपासून नाव वाढवतात.

१९४७ नंतरचे

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं तिथं ग्रॅनाइटवर आहेत आणि संकेतस्थळावर नावानं शोधता येतात. शौर्यपदकांसाठी केंद्र सरकारचं वेगळं संकेतस्थळ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. तिथं माजी सैनिक, वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांची नोंद असते. ते यादी सरसकट देणार नाहीत, देऊही नये. पण ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन गेलात, तर तुमच्या वहीतली नावं पडताळून द्यायला मदत होते.

हे करताना एक गोष्ट जरूर विचारा : या घराला मिळायला हवं ते सगळं मिळतंय का? दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान आहे. आम्हाला अशी एक आजी भेटली जिनं कधी अर्जच केला नव्हता.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

नंबर आणि पलटण हाती आली की त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जिथं जवानांची सेवेची कागदपत्रं ठेवतात तिथं, लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमई आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबादला, एएससी (रसद-वाहतूक) आणि पॅराशूटचं बेंगळुरूला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला, मेडिकलचं लखनौला. नौदलाचं मुंबईला, हवाई दलाचं दिल्लीला. मराठ्याचे स्वातंत्र्यानंतरचे नंबर बहुधा २७ ने सुरू होतात. सुभेदारांच्या नंबराआधी 'जेसी' असतं.

अर्ज नातेवाइकानंच करावा. मंडळाच्या लेटरहेडवर पाठवलेले आमचे पहिले अर्ज तसेच परत आले आणि त्यात अर्धं वर्ष गेलं. अर्जात एवढं द्या : नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचं आणि पेन्शनचं साल, गाव-तालुका-जिल्हा जुन्या नावासकट, तुमचं नातं, त्याचा पुरावा, तुमची ओळख. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, एका पानात. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती वहीला टाचा.

आता महत्त्वाचं. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. त्यामुळे 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर येतं आणि लोक तिथंच सोडतात. पण 'लाँग रोल' नावाचं एक रजिस्टर असतं, ते कायम ठेवलं जातं. त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज अशी मोजकी माहिती असते. म्हणून पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा : सेवापत्रक नष्ट झालं असल्यास लाँग रोलचा उतारा मिळावा. हे एक वाक्य घातल्यापासून आम्हाला येणारी उत्तरं बदलली.

दोन माहित्या जुळत नाहीत तेव्हा

आमची मोठी चूक इथं झाली. एकाच नावाचे दोन जण होते, वडिलांची नावंही सारखी. आम्ही त्यांना एक समजून, कुतला कैद झालेला माणूस १९३० ला गावात वारला असं लिहून टाकलं. दोन्ही घरं दुखावली. नंबर हाती आल्यावर कळलं की एक परत आला होता आणि दुसरा नाही. तेव्हापासून नियम केला : दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत नाव पेन्सिलीनं, नंतर शाईनं. घरच्यांनी सांगितलेलं आणि शेजाऱ्यानं त्यांच्याकडूनच ऐकलेलं, हा एकच पुरावा धरायचा.

हुद्दा वाढवू नका. पेन्शनीवर येताना मिळालेला मानद हुद्दा आणि लढाईच्या वेळचा हुद्दा वेगवेगळे लिहा. मृत्यू लढाईत झाला, कैदेत झाला, आजारानं झाला की अपघातात, तेही जसं आहे तसं लिहा. १९१८ ला मानमोडीनं छावणीत गेलेला जवान गावासाठी कमी नाही, त्याला गोळी लागली असं लिहायची गरज नाही. मलाया-सिंगापूरला कैद होऊन पुढे आझाद हिंद सेनेत गेलेले कोणी असतील, तर दोन्ही फौजा लिहा, काही लपवू नका.

पाटी आणि वहीच्या प्रती

२०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले. तुमच्या गावातला फलक वहीशी ताडून बघा. नावं राहिली असतील तर ग्रामसभेत ठराव घ्या. नवी पाटी करायची घाई नको. दगडावर चुकलेलं नाव खोडता येत नाही. आम्ही मसुदा कागदावर छापून चावडीत आणि देवळात महिनाभर लावला होता, शेजारी दोरीला पेन बांधून. त्या महिन्यात जितकी नावं दुरुस्त झाली, तितकी त्याआधी वर्षभरात झाली नव्हती.

जुनी इंग्रजी पाटी असेल तर तिला ऑइलपेंट, शेंदूर, ॲसिड काही लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. नवी पाटी तिच्या शेजारी लावा, तिच्या जागी नव्हे.

आज सेवेत असलेल्या जवानांची पलटण, ठिकाण, फोटो मोबाइलच्या ग्रुपवर किंवा फलकावर टाकू नका. त्यांचं नाव पेन्शनीवर आल्यानंतर लिहायचं. बाकीच्यांच्या कागदांचे फोटो दाखवताना पीपीओ नंबर, बँक खातं आणि आधार झाका. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या. 'संग्रहासाठी' म्हणून पदकं गोळा करू नका, फोटो घ्या आणि तिथल्या तिथं परत द्या.

वहीच्या तीन प्रती करा : एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे तरी. शाळेतल्या प्रतीची शेवटची पंधरा-वीस पानं कोरी सोडा. आमच्या पाटीवरचा 'गेले' हा आकडा आणि वहीतली शाईची नावं अजून जुळत नाहीत. उरलेल्या पानांवर फक्त क्रमांक घालून ठेवले आहेत.